मऊ प्रवाळ बघायला जाताय? आधी पाय हाणायचं थांबवा

आमच्याकडं पोहायला शिकवायची रीत एकच. पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा आणि विहिरीत ढकलून द्यायचं. औसा तालुक्यात आज्याच्या विहिरीवर मी असाच शिकलो. पुढं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवण्यात हयात गेली आणि पन्नाशी ओलांडल्यावर अंदमानात, हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) स्कूबा, म्हणजे पाठीला हवेची टाकी बांधून पाण्याखाली पोहायला, शिकलो. पहिल्याच दिवशी इन्स्ट्रक्टरनं पाण्याखाली माझी पोटरी धरली. विहिरीतल्या सवयीनं मी सायकल हाणल्यासारखे पाय मारत होतो आणि मागं रेतीचा नुसता धुरळा उठला होता.

लातूर-बीडकडची विहिरीत शिकलेली पोरं आता सुट्टीत डायव्हिंगला जातात, म्हणून हे पहिल्यांदा सांगतो. रेती उडाली की प्रवाळ अंग आत ओढून घेतं, मग दिसतं ते फक्त चामडं. तेव्हा आडवं व्हा, हात छातीशी घ्या, श्वासावर वर-खाली व्हायला शिका. हे जमेपर्यंत प्रवाळापासून दोन हात लांबच थांबा.

आता ओळखायचं कसं? भुजा मोजा. प्रवाळ म्हणजे चिमुकल्या प्राण्यांची वसाहत, त्यातला एकेक प्राणी म्हणजे पॉलिप. मऊ प्रवाळाच्या प्रत्येक पॉलिपला आठच भुजा असतात, आणि प्रत्येक भुजेला दोन्ही कडांनी बारीक फाटे. बाभळीचं पान डोळ्यांपुढं आणा, अगदी तसं. टणक प्रवाळाच्या भुजा सहाच्या पटीत असतात आणि त्यांना असे फाटे नसतात. 'मऊ' म्हणजे अंगात चुना नाही असं मात्र नव्हे. चुन्याच्या बारीक सुया मांसात विखुरलेल्या असतात, फक्त त्यांचा सलग दगडी सांगाडा होत नाही.

उथळ, उजेडाच्या पाण्यात पहिल्यांदा भेटतं ते चामडी प्रवाळ, सार्कोफायटन. जाड देठ आणि वर अळंब्यासारखी छत्री. याच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात, ती उन्हावर अन्न तयार करून यजमानाला देतात. म्हणून त्याला उजेड लागतो. कधी ते मिटलेलं, वर मेणचट पापुद्रा आलेलं दिसेल. मेलं म्हणून पुढं जाऊ नका, ते कात टाकतंय. पापुद्र्याबरोबर अंगावर बसलेलं शेवाळ आणि गाळही निघून जातो.

पण जीव लावावा असं प्रवाळ म्हणजे डेन्ड्रोनेफ्थिया. गुलाबी, लाल, नारिंगी. फुलकोबीचा गड्डा काचेचा केला तर जसा दिसेल तसं. देठ इतका पारदर्शक, की आतल्या सुया ज्वारीच्या कुसळासारख्या दिसतात. याच्या अंगात शैवाल नाही. त्यामुळं ऊन नसलेल्या कपारी, कड्याच्या खालच्या बाजू, बुडालेल्या जहाजांचे सांगाडे हे याचं घर. पोट भरायला हवं वाहतं पाणी. वर्गात मी कित्येक वर्षं 'प्रवाळ भुजांनी छोटे प्राणी पकडतं' एवढंच सांगत आलो. पण 1995 साली लाल समुद्रातल्या डेन्ड्रोनेफ्थियावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ते प्रामुख्यानं वनस्पती-प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींवर, जगतं असं दिसलं. म्हणजे गडी शाकाहारी निघाला!

याला हाडं नाहीत, मग उभं कसं राहतं? आज्याकडं चामड्याची मोट होती. पाणी भरलं की टम्म, रिकामी झाली की काठावर लोळागोळा. डेन्ड्रोनेफ्थियाचं तेच. प्रवाह आला की अंगात पाणी भरून घेतं आणि कितीतरी मोठं होतं. प्रवाह थांबला की मान टाकतं.

म्हणून कॅलेंडर बघून जा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, प्रवाह जोरात. नवख्यानं त्या नादी लागू नये. अष्टमीच्या आसपास भांग (लहान भरती-ओहोटी) असतो, पाणी मंद. त्या दिवसांत भरती-ओहोटीची वेळ विचारून, पाणी नुकतं हलायला लागलेलं असताना उतरा. प्रमाणपत्राशिवायच्या ओळख-डाईव्हमध्ये 12 मीटरपर्यंतच नेतात, तिथं चामडी प्रवाळ भरपूर बघून घ्या. डेन्ड्रोनेफ्थियासाठी अंदमानात डिक्सन्स पिनॅकलसारख्या खोल जागी जावं लागतं, तर आधी कोर्स करा.

टॉर्च हवाच. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी मरतो. खोलवर लालभडक प्रवाळ काळपट दिसतं, टॉर्च मारला की पेटल्यासारखं उजळतं. बोट लावू नका. यांच्या अंगात माशांनाही नको वाटणारी रसायनं असतात. तरी ते खाणारे असतातच. चामडी प्रवाळावर काळ्या मखमली अंगाची, आत अंड्यासारखी पांढरी कवडी चरताना सापडेल.

आणि डाईव्हनंतर लगेच विमानानं उंचावर जाणं धोक्याचं, म्हणून परतीचं विमान शेवटच्या डाईव्हपासून किमान 18 तासांनंतरचं काढा.

फांद्या बघताना घाई करू नका. तिसऱ्या खेपेला मी एका गुलाबी फांदीवर मिनिटभर टॉर्च धरून भुजा मोजत होतो. त्यातला एक पॉलिप चालायला लागला. नखाएवढा खेकडा होता, प्रवाळाचेच तुकडे पाठीला चिकटवून बसलेला.