वाइल्डलाइफसाठी कॅमेरा घेताय? आधी लेन्सचं ठरवा, बॉडीचं नंतर बघू

वाइल्डलाइफ सुरू करायचं म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो, कोणती बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) घेऊ. मीही तिथूनच सुरुवात केली होती. जवळजवळ सगळं बजेट एका चांगल्या बॉडीत घातलं आणि लेन्स म्हणून ७०-३०० एमएमच्या झूमवर भागवलं. मग पहिल्याच हिवाळ्यात पाण्याच्या कडेला खंड्या येऊन बसला, अगदी दहा मीटरवर, ऊनही छान होतं, फोकसही डोळ्यावर अचूक होता, आणि घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडलं तर फ्रेमच्या मधोमध निळा ठिपका. क्रॉप करत गेलं की पिसांच्या जागी नुसता लगदा. त्या दिवशी कॅमेऱ्याने त्याचं काम नीट केलं होतं, कमी पडली ती लेन्स. म्हणून आता कोणीही विचारलं की मी बॉडीचं नाव सांगण्याआधी तीन गोष्टी विचारतो: काय काढायचंय, ते साधारण किती लांब असतं, आणि उजेड कसा असतो. ही तीन उत्तरं पक्की झाली की लेन्स ठरते, आणि लेन्स ठरली की बॉडीचं अर्धं काम झालेलंच असतं.

तो दहा मीटरवरचा खंड्याच उदाहरणाला घेऊ, कारण हे गणित एकदा हाताने केलं की जाहिरातीतल्या आकड्यांचा गोंधळ संपतो. छोटा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १६ सेंटीमीटर. सेन्सरवर त्याची लांबी किती पडणार, तर पक्ष्याची लांबी गुणिले फोकल लेंथ (लेन्सवरचा एमएमचा आकडा, जितका मोठा तितकं लांबचं मोठं दिसतं) भागिले अंतर. ४०० एमएमने दहा मीटरवरून ती येते ६.४ मिलिमीटर. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे पक्षी फ्रेमच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी. आता पुढचं महत्त्वाचं: त्या ६.४ मिलिमीटरमध्ये पिक्सेल किती? २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर साधारण १०६०, ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर साधारण १४६०, २०.९ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (म्हणजे छोट्या, 'क्रॉप' सेन्सरच्या) बॉडीवर साधारण १५१०, आणि कॅनन आर७ सारख्या ३२.५ मेगापिक्सेलच्या एपीएस-सीवर जवळपास २०००. लेन्स तीच, अंतर तेच, पक्षी तोच.

लोक म्हणतात ना की क्रॉप सेन्सरवर ४०० एमएमची लेन्स ६०० होते, ते तसं नसतं. लेन्स ४००च राहते, सेन्सर छोटा असल्यामुळे कडेचा भाग दिसत नाही एवढंच, फायदा होतो तो पिक्सेल दाटीवाटीने बसवलेले असतात म्हणून. त्यामुळे ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम बॉडीला क्रॉप मोडवर टाकलं तरी १७ ते २० मेगापिक्सेल हातात राहतात आणि दोन्ही कामं एका बॉडीत होतात, पण तिची किंमतही तशीच असते. बजेट मर्यादित असेल तर एपीएस-सी बॉडी आणि उरलेल्या पैशात लांब लेन्स, ही जोडी माझ्या मते सगळ्यात शहाणी. २४ मेगापिक्सेलची फुल फ्रेम घेऊन तिच्यावर ३०० एमएम लावणं ही वाइल्डलाइफसाठी सगळ्यात वाईट जोडी, आणि नेमकी तीच बरेच जण घेतात कारण 'फुल फ्रेम' हा शब्द ऐकायला भारी वाटतो.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो, लेन्स कमी पडली की माणूस पुढे सरकतो. एक पाऊल, मग अजून एक, आणि पक्षी घरट्यावरून उठतो नाहीतर हरणाचा कळप मान वर करून चरायचं थांबतो. लांब लेन्स ही त्या जिवाला त्याची जागा देण्यासाठीही असते. तरीही पोचत नसेल तर त्याच्या आजूबाजूच्या जागेसकट फोटो काढा, तसे फोटो बऱ्याचदा जास्त बोलतात.

आता उजेड. प्राणी हलतात कधी, तर पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे नेमकं उजेड कमी असताना. एफचा आकडा म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक (अ‍ॅपर्चर), आकडा जितका लहान तितका उजेड जास्त; आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ती वाढवली की फोटोत दाणे, म्हणजे नॉईज, वाढतो. धरा की पहाटे एफ/६.३ ला १/१००० सेकंदाचा शटर स्पीड मिळवायला आयएसओ ६४०० लागतोय. तिथेच एफ/४ ची लेन्स असेल तर आयएसओ २५०० वर भागतं, आणि एफ/२.८ असेल तर १२५० च्या आसपास. हा फरक डोळ्याला स्पष्ट दिसतो. मग सगळे ६०० एफ/४ का घेत नाहीत, तर ६०० भागिले ४ म्हणजे १५० मिलिमीटर, एवढ्या व्यासाचा प्रकाश आत घ्यायचा तर पुढची काच किमान तेवढी मोठी लागते, म्हणून ती लेन्स तीन किलोच्या आसपास जाते आणि किंमत गाडीशी स्पर्धा करते. ६०० एफ/६.३ ला तोच आकडा ९५ मिलिमीटर होतो, म्हणून ती हातात धरता येते. पाठीमागचं धूसर होणंही बऱ्यापैकी याच व्यासावर असतं, त्यामुळे ४०० एफ/५.६ पेक्षा ६०० एफ/६.३ ने लांबचं बॅकग्राऊंड जास्त मऊ येतं, आकडा मोठा दिसला तरी.

कॅननच्या ६०० आणि ८०० एफ/११ या हलक्या, स्वस्तातल्या लेन्स आहेत, भर उन्हात त्या खरंच छान चालतात, पण एफ/६.३ च्या मानाने तिथे प्रकाश एक तृतीयांशच येतो आणि अ‍ॅपर्चर बदलताच येत नाही, तेव्हा पहाटेच्या जंगलासाठी त्यावर अवलंबून राहू नका. आणि स्टॅबिलायझेशनबद्दल एक गैरसमज काढून टाका, ते तुमच्या हाताचं थरथरणं थांबवतं, पक्ष्याचे पंख थांबवत नाही. बसलेल्या घुबडाला १/१०० वरही शार्प फोटो मिळेल, उडणाऱ्या छोट्या पक्ष्याला १/२५०० किंवा वरच लागतो, स्टॅबिलायझेशन कितीही स्टॉपचं असो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याची एक पायरी).

बरं, मग कोणती लेन्स. पहिली गंभीर लेन्स म्हणून मी बहुतेकांना ६०० पर्यंत जाणारी झूम सांगतो: सोनीची २००-६००, निकॉन झेडची १८०-६००, किंवा सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६००. वजन यातल्या बहुतेकांचं दोन किलोच्या आसपास, सोनीची २११५ ग्रॅम आणि निकॉनची ट्रायपॉडला जोडायच्या कॉलरशिवाय १९५५ ग्रॅम. पहिल्या दोन्हीत झूम आतल्या आत होतो, लांबी वाढत नाही, त्यामुळे तोल बदलत नाही आणि नळी बाहेर-आत होऊन धूळ ओढण्याचा प्रश्नही कमी. कॅननची २००-८०० पण दोन किलोच्या आसपासच आहे, पण ८०० ला ती एफ/९ होते हे लक्षात ठेवा. मोठे प्राणी, गाडीतून फोटो किंवा उडणारे मोठे पक्षी हेच जास्त काढणार असाल तर १००-४०० पुरते, आणि जवळ आलेल्या प्राण्याला ६०० प्राईम (झूम न होणारी लेन्स) लावून बसलं की नुसता कान फ्रेममध्ये येतो, तेव्हा झूमचं मोल कळतं. कॅननची आरएफ १००-४०० तर ६३५ ग्रॅमचीच आहे, गळ्यात आहे हेही विसरायला होतं.

वजनाकडे मात्र खरंच गांभीर्याने बघा. कागदावर दोन किलो काही वाटत नाही. बॉडीसकट पावणेतीन-तीन किलो डोळ्याला लावून पक्षी फांदीवरून उडण्याची वाट बघत दहा मिनिटं उभं राहून बघा, पाचव्या मिनिटाला हात खाली येतो आणि सहाव्या मिनिटाला पक्षी उडतो. ज्यांना चालत फिरायचंय किंवा खांदा-पाठ दुखते त्यांनी निकॉनच्या पीएफ (खास काचेमुळे हलक्या झालेल्या) प्राईम बघाव्यात, झेड ६०० एफ/६.३ पीएफ कॉलरशिवाय १३९० ग्रॅम आहे, नाहीतर मायक्रो फोर थर्ड्सकडे (एपीएस-सीपेक्षाही छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांकडे) जावं, तिथे ३०० एफ/४ ला फुल फ्रेमवरच्या ६०० एवढीच फ्रेम मिळते. त्या छोट्या सेन्सरवर जास्त आयएसओला नॉईज लवकर दिसतो हे खरं, पण जी लेन्स घरी ठेवून जावंसं वाटत नाही तीच लेन्स फोटो देते.

टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारं, फोकल लेंथ वाढवणारं भिंग) पहिल्या दिवशी घेऊ नका. १.४x ने एक स्टॉप जातो, २x ने दोन, म्हणजे एफ/६.३ ची झूम १.४x लावून एफ/९ होते, फोकस मंदावतो, शार्पनेसही थोडा उतरतो. एफ/२.८ किंवा एफ/४ प्राईमवर १.४x मस्त चालतो, झूमवर बहुतेक वेळा क्रॉप केलेला बरा. आणि दुपारी तापलेल्या जमिनीवरून लांबचा फोटो काढताना हवेची लहर मध्ये येते, तिथे ८०० काय आणि १२०० काय, फोटो मऊच येणार, लेन्सला दोष देऊ नका.

आता बॉडी. माझ्या मते वाइल्डलाइफला बॉडीत सगळ्यात आधी बघायचं ते ऑटोफोकस, मेगापिक्सेल त्यानंतर. आताच्या मिररलेस बॉडी प्राण्याचा-पक्ष्याचा डोळा ओळखून त्याला धरून ठेवतात, आणि हे एकदा वापरलं की मागे जाववत नाही, कारण डोकं फोकस पॉईंट हलवण्यातून मोकळं होऊन उजेड आणि बॅकग्राऊंड बघायला लागतं. पण घेण्याआधी गवतातून, फांद्यांमधून ट्राय करा. मोकळ्या आकाशातली घार कुठलाही कॅमेरा पकडतो, काड्यांच्या मागे बसलेला छोटा पक्षी कोण धरतो ते बघायचं.

दुसरं, शटर. इलेक्ट्रॉनिक शटर आवाज करत नाही, आणि सावध प्राण्यासमोर ते वरदान आहे, पण साध्या सेन्सरवर फ्रेम वरून खाली ओळीओळीने वाचली जाते आणि तेवढ्यात पंख हललेला असतो, त्यामुळे पंख वाकडे, रबरासारखे येतात. स्टॅक्ड सेन्सर हे वाचन सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वेळात करतो म्हणून तो त्रास जवळजवळ जातो. निकॉन झेड८ आणि झेड९, सोनी ए१, कॅनन आर३ आणि आर५ मार्क २, फुजीफिल्म एक्स-एच२एस, ओएम-१ हे सगळे स्टॅक्ड आहेत. तेवढं बजेट नसेल तर उडणाऱ्या पक्ष्यांना मेकॅनिकल शटर आणि बसलेल्यांना इलेक्ट्रॉनिक, एवढी सवय लावली तरी भागतं.

तिसरं आहे बफर, म्हणजे फोटो कार्डावर लिहिले जाईपर्यंत थांबतात ती कॅमेऱ्यातली जागा, आणि याकडे कोणी बघतच नाही. एकदा बगळा मासा पकडायच्या बेतात होता, मी बटण दाबून धरलं, पकडण्याआधीचीच तीस-चाळीस फ्रेम गेली, आणि मासा हवेत उडवून गिळायच्या क्षणी कॅमेरा अडकला, लाल दिवा लुकलुकत राहिला. कारण साधं गणित होतं. ४० एमबीची रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाईल, सेकंदाला २० फ्रेम म्हणजे सेकंदाला ८०० एमबी, आणि यूएचएस-२ एसडी कार्डाची वरची मर्यादाच ३१२ एमबी. सीएफएक्स्प्रेस (एसडीपेक्षा वेगवान कार्ड) घेणारी बॉडी असेल तर त्यात चांगलं कार्ड टाका, एसडीवालीच असेल तर कॉम्प्रेस्ड रॉ लावा आणि बटण दाबून धरण्याऐवजी छोट्या छोट्या बर्स्ट मारा. प्री-कॅप्चर असलेली बॉडी मिळाली तर अजून छान, बटण पूर्ण दाबायच्या आधीच्या फ्रेम पण मिळतात, पक्षी उडण्याचा क्षण त्यामुळेच सापडतो. काही बॉडीत प्री-कॅप्चर फक्त जेपेगमध्ये चालतं, ते विचारून घ्या.

आणि जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल किंवा सेकंडहँड मिळत असेल तर मन खट्टू करू नका. निकॉन डी५०० २०१६ चा आहे, सेकंदाला १० फ्रेम, १५३ फोकस पॉईंट, बॅटरी दिवसभर जाते, त्यावर २००-५०० एफ/५.६ लावून आजही उत्तम काम होतं. नंतर मिररलेसवर जायचं झालं तर कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टरवर छान चालतात, निकॉनच्या एएफ-एस लेन्सही, पण बॉडीतल्या मोटरवर चालणाऱ्या जुन्या एएफ-डी लेन्सला झेड बॉडीवर निकॉनच्या अडॅप्टरने ऑटोफोकस मिळत नाही. सोनीच्या वेगवान बॉडीवर सिग्मा-टॅमरॉन लावली तर बर्स्ट १५ फ्रेमवर थांबतो, हेही आधी माहीत असलेलं बरं.

आधाराबद्दल थोडक्यात. गाडीतून काढणार असाल तर बीनबॅग, इंजिन बंद करूनच. चालत असाल तर मोनोपॉड. एका जागी तासन्‌तास बसणार असाल तरच ट्रायपॉड आणि गिंबल हेड (जड लेन्स तोलून सहज फिरवू देणारं).

शक्य असेल तर लेन्स विकत घ्यायच्या आधी दोन दिवस भाड्याने आणा आणि तुमच्या नेहमीच्या जागी पहाटे घेऊन जा. सेकंडहँड घेताना मोबाईलचा टॉर्च मागच्या बाजूने लेन्समध्ये मारून पुढून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, नको. माउंटवरचे स्क्रू घासलेले आहेत का बघा, म्हणजे कोणी उघडली होती का ते कळतं. झूम पूर्ण टोकाला नेऊन, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून, लांबच्या एखाद्या पाटीवर दहा फोटो काढा आणि प्रत्येक फोटोआधी फोकस मुद्दाम हलवा. दहापैकी आठ-नऊ शार्प आले तर ठीक, पाच-सहाच आले तर स्वस्त असली तरी सोडा. मग पाटीच्या चारही कोपऱ्यांतली अक्षरं झूम करून बघा, एकच बाजू सतत मऊ येत असेल तर आतली काच सरकलेली असण्याची शक्यता आहे, आणि हे मालकाला सहसा माहीतही नसतं, तेव्हा फोटो त्यालाही दाखवा.