फिट आणि जुनाट दुखणं : लक्ष सैल सोडायची प्रॅक्टिस कशी करायची, आणि न्यूरोफीडबॅक म्हणजे नेमकं काय

सगळ्यात आधी एक सांगते, माझ्या फिटच्या (अपस्माराच्या) गोळ्या चालू आहेत, सकाळी आठ आणि रात्री आठ, आणि खाली जे लिहिलंय ते गोळ्यांच्या जोडीला आहे, गोळ्यांच्या जागी नाही. बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनाने गोळी अचानक बंद केली तर फिटवर फिट येऊ शकते आणि ते जिवावर बेततं, त्यामुळे हे मनात पक्कं ठेवूनच पुढचं वाचा.

मला सोळाव्या वर्षापासून फिट येतात आणि गेली सहा वर्षं कंबरदुखी पण आहे. फिटच्या आधी मला पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं होतं, मग घरातलीच भिंत, तोच पंखा, पण हे सगळं आधी कधीतरी घडून गेलंय असं वाटायला लागतं, डॉक्टर त्याला ऑरा म्हणतात. पूर्वी तसं झालं की मी काय करायचे, तर दात घट्ट आवळायचे, श्वास रोखायचे आणि सगळं लक्ष त्या पोटातल्या गोळ्यावर लावून "आली, आली" करत बसायचे. कंबरेचंही तेच, परळहून ठाण्याला उभ्याने जाताना अख्खी मी त्या एका दुखऱ्या जागेत जाऊन बसायचे. लक्ष असं एका जागी मूठ आवळल्यासारखं धरलं की अंगही आवळतं, भीती वाढते, आणि दुखणं होतं त्यापेक्षा मोठं होतं. ही मूठ सोडायला शिकता येतं आणि ते शिकायचं असतं बरं असताना, ऑरा आल्यावर नाही.

प्रॅक्टिसच्या आधी महिनाभर वही ठेवा. फिट कधी आली, आदल्या रात्री किती झोप झाली, गोळी चुकली का, ताप, उपवास, पाळीची तारीख, दारू घेत असाल तर ती, आणि ऑरा आली पण फिट आली नाही असंही लिहा. माझ्या वहीत जागरण इतकं स्वच्छ दिसलं की गणपतीत रात्री जागणं मी बंदच केलं, दर्शनाला सकाळी जाते. हे काम फुकट आहे आणि माझ्या मते कुठल्याही मशीनच्या आधी हेच करावं.

आता प्रॅक्टिस. दिवसातून दोन वेळा, दहा-दहा मिनिटं, खुर्चीत पाठ टेकून बसायचं, डोळे उघडे ठेवले तरी चालतात. आधी जवळचा आवाज ऐकायचा, माझ्याकडे तो पंख्याचा, मग लांबचा, खालच्या गल्लीतला स्कूटरचा, त्याहून लांबचा लोकलचा हॉर्न, आणि मग या सगळ्या आवाजांच्या मधे जी शांतता असते तीपण. एक सोडून दुसरा धरायचा नाही, सगळे एकदम येऊ द्यायचे. मग दोन डोळ्यांच्या मधली जागा, दोन कानांमधली, मग आपल्या आणि भिंतीच्या मधली मोकळी जागा, पाठीमागचीसुद्धा. बघायचं नाही, फक्त आहे असं जाणवू द्यायचं. लेस फेमी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी याच धाटणीची पद्धत ओपन फोकस या नावाने शिकवली. पहिले आठ-दहा दिवस काहीच होत नाही असं वाटतं, करत राहा.

पण यात दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे कपालभाती, भस्त्रिका असला जोरजोरात श्वासाचा प्रकार यात घुसवू नका, भराभर श्वास घेतल्याने काही जणांना फिट येते, म्हणून तर ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढताना मुद्दाम तसा श्वास घ्यायला लावतात. दुसरं, काहींना झोपेच्या गुंगीत फिट येतात, तर आडवं पडून करू नका आणि डोळे जड व्हायला लागले तर थांबा.

महिन्याभराने हे जमायला लागलं की ऑराच्या वेळी वापरून बघायचं. आधी खाली बसा, गॅस, जिना, प्लॅटफॉर्मची कड यांच्यापासून लांब, आणि जवळ कोणी असेल तर सांगा. मग श्वास चालू, जबडा सैल, पोटात जे होतंय ते होऊ दे पण त्याच्या आजूबाजूची खोलीही जाणवू दे. माझी ऑरा कधी तिथेच विरते, कधी फिट येतेच, आणि आली तर तुमचं काही चुकलं असं अजिबात समजू नका.

ऑराच्या वेळी लक्ष वळवून फिट थांबवायची कल्पना जुनी आहे. रॉबर्ट एफ्रॉन या डॉक्टरांनी 1956-57 मध्ये एका बाईबद्दल लिहिलं होतं, तिची फिट सुरुवातीलाच जाईच्या अत्तराचा वास दिला की थांबायची, मग त्यांनी तो वास आणि हातातलं ब्रेसलेट यांची जोडी इतक्या वेळा लावली की पुढे नुसतं ब्रेसलेट बघूनही फिट थांबायला लागली. आता हे वाचून कोणी कांदा-चप्पल बरोबर होतं असं म्हणू नका, ती बाई शुद्धीवर होती आणि सुरुवातीलाच करत होती, बेशुद्ध माणसाला कांदा हुंगवून काही होत नाही.

न्यूरोफीडबॅकमध्ये हेच लक्षाचं काम मशीनच्या मदतीने करतात. डोक्यावर पेस्ट लावून इलेक्ट्रोड चिकटवतात, कानाला क्लिप, आणि मेंदूच्या लहरी कॉम्प्युटरवर जातात. शॉक बिक काही नाही, मशीन फक्त वाचतं. हवी ती लहर वाढली की स्क्रीनवरचं चित्र पुढे सरकतं किंवा टिंग वाजतं, आणि मेंदू हळूहळू त्या टिंगच्या मागे जायला शिकतो. याची सुरुवात अमेरिकेत बॅरी स्टरमन यांच्या मांजरांपासून झाली. मांजर शांत, हालचाल न करता पण जागं असताना 12 ते 15 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 12 ते 15 वेळा वरखाली होणारी, एक लहर दिसते, तिला एसएमआर म्हणतात. ती वाढवली की खाऊ, असं त्यांनी मांजरांना शिकवलं होतं. नंतर रॉकेटच्या इंधनातल्या एका विषारी रसायनाच्या चाचणीत याच मांजरांना फिट बऱ्याच उशिरा आल्या. मग 1972 मध्ये एका फिटच्या पेशंट तरुणीवर केलेल्या ट्रेनिंगचा निकाल छापला. 2009 मध्ये 10 अभ्यास एकत्र करून बघितले, त्यात गोळ्यांनी फिट न थांबलेले पेशंट होते, आणि 74 टक्के लोकांच्या फिट कमी झाल्या होत्या. अभ्यास छोटे होते, म्हणून मी याला आशा म्हणते, खात्री नाही.

सेंटर शोधताना आधी आपल्या न्यूरोलॉजिस्टला विचारा, ईईजीचा रिपोर्ट घेऊन जा. कुठल्या जागी इलेक्ट्रोड लावणार, कुठली लहर वाढवणार, किती सेशन, आणि फायदा झाला नाही हे कधी ठरवायचं, हे चार प्रश्न विचाराच. साधारण 20 ते 40 सेशन लागतात, म्हणजे काही महिने, तर एका सेशनचे नाही, सगळ्याचे मिळून पैसे किती ते विचारा. लुकलुकत्या प्रकाशाने फिट येत असेल तर स्क्रीनबद्दल आधीच सांगा. मी एका ठिकाणी गेले होते, तिथे दुसऱ्याच दिवशी म्हणाले गोळ्या अर्ध्या करा, मी तिथूनच परत आले, तुम्हीही या.

दुखण्यासाठी सोपं आहे. दुखऱ्या जागेपासून पळायचं नाही, तिची कड शोधायची, कुठे दुखणं संपतं आणि न दुखणारी कंबर सुरू होते, मग ती न दुखणारी जागा, मांड्या, तळवे, सगळं एकत्र जाणवू द्यायचं. जॉन कबाट-झिन यांनी 1979 पासून अमेरिकेत जुनाट दुखण्याच्या पेशंटना लक्षाचा सराव शिकवला तो यासाठीच. माझं दुखणं गेलेलं नाही पण संध्याकाळच्या गर्दीत आता मी रडकुंडीला येत नाही. मात्र दुखणं नवीन असेल, पाय बधिर होत असेल, लघवीवरचा ताबा जात असेल तर हे करत बसू नका, लगेच डॉक्टर.

घरच्यांनाही शिकवा. माझी आई आधी चमचा घेऊन धावायची, आता मला कुशीवर वळवते, डोक्याखाली ओढणी ठेवते, तोंडात काही घालत नाही, हातपाय दाबून धरत नाही आणि घड्याळ बघते. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा शुद्ध यायच्या आत दुसरी आली तर 108. बाथरूमला मी कडी लावत नाही, लोकलच्या दारात उभी राहत नाही, आणि पाकिटात गोळीचं नाव आणि आईचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवते, तुम्हीही आजच लिहून ठेवा.