घरासाठी अर्ज करताय? आधी कुटुंबाचं उत्पन्न नीट काढा

आधार, पॅन, रहिवासी दाखला, पासबुक हे सगळं गोळा झालंय असं धरून चालतो. अर्ज अडकतो तो उत्पन्नाच्या रकान्यात. आणि तिथे ‘तीन लाखाच्या आत टाका, पुढचं पुढं बघू’ असं सांगणारे सांगलीत गल्लोगल्ली भेटतात. त्यांचं ऐकू नका. छाननीत कागद तुमचे बघतात, सल्ला देणाऱ्याचे नाही.

पहिलं काम, योजना नक्की करणं, कारण प्रत्येकीची मर्यादा वेगळी. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) 2.0 मध्ये वर्षाला 3 लाखांपर्यंत आर्थिकदृष्ट्या दुर्बल, 6 लाखांपर्यंत अल्प आणि 9 लाखांपर्यंत मध्यम उत्पन्न गट. म्हाडाचं घर सांगली-साताऱ्याकडचं असेल तर अत्यल्प गट 4.5 लाखांपर्यंत, अल्प 7.5 लाखांपर्यंत, मध्यम 12 लाखांपर्यंत, त्यावर उच्च. पुण्यातले पाहुणे फोनवर सांगतात तो अत्यल्प गटाचा 6 लाखांचा आकडा तिकडच्या घरांचा. घर कुठलं यावर मर्यादा ठरते, अर्जदार कुठला यावर नाही.

दुसरं, कुटुंब कोण? रेशनकार्डावर आठ नावं आहेत म्हणून आठजणांची मिळकत मांडायची नसते. आवास योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं-मुली. म्हणजे लग्न न झालेली मुलगी मिरजेत दुकानात कामाला जात असेल तर तिचा पगार धरायचा, आणि आबांची पेन्शन सोडायची. म्हाडाला नवरा-बायकोचं मिळून एकत्रित उत्पन्न लागतं. एका योजनेसाठी केलेला हिशोब दुसऱ्या अर्जात तसाच उतरवणारे इथेच फसतात.

कुठल्या वर्षाचं उत्पन्न धरायचं ते घरांच्या जाहिरातीत छापलेलं असतं. आर्थिक वर्ष, 1 एप्रिल ते 31 मार्च.

पगारदारांचं काम सोपं. पगारपत्रकातली कपातीच्या आधीची रक्कम घ्या. पीएफ, पतसंस्थेचा हप्ता, गाडीचा हप्ता कापून जे हातात येतं ते उत्पन्न नव्हे. समजा कुपवाड एमआयडीसीत 22,000 पगार आहे आणि हातात 18,500 येतात. बायकोला शिलाईतून खर्च वजा जाता महिन्याला 2,500 सुटतात. हातातल्या रकमेवर हिशोब केला तर वर्षाचे 2,52,000 होतात आणि माणूस खुशीत दुर्बल गटात जाऊन बसतो. खरा हिशोब असा: पगाराचे 2,64,000, दिवाळीचा बोनस 15,000, शिलाईचे 30,000. झाले 3,09,000. आवास योजनेत हे कुटुंब अल्प गटात गेलं, म्हाडात मात्र अत्यल्प गटातच राहिलं.

आता शेती. माझीही सुरुवातीला इथेच दमछाक व्हायची, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

‘शेतीवर आयकर नाही, मग धरायची कशाला?’ हा आपल्याकडचा सगळ्यात लाडका आणि सगळ्यात घातक सल्ला. कर माफ आहे, उत्पन्न माफ नाही. आयकर विवरणपत्रात शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून वेगळं दाखवलेलं असतं, त्यामुळे नुसता करपात्र आकडा उचललात तर हिशोब अर्धाच राहतो. तहसीलदार उत्पन्नाचा दाखला देतात त्यात मात्र सातबारा, आठ-अ (जमिनीच्या खात्याचा उतारा) आणि तलाठ्याच्या अहवालावरून शेती धरली जाते. दोन कागद दोन आकडे बोलायला लागले की तुम्ही कितीही खरे असा, संशय येतोच.

शेतीत धरायचं ते निव्वळ उत्पन्न, आणि उसात ते काढताना हमखास गोंधळ होतो. कारखान्याच्या बिलात तोडणी-वाहतूक आधीच वजा झालेली असते, ती पुन्हा खर्चात धरायची नाही. दुसरी गफलत सोसायटीची, म्हणजे गावात पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेची. पीककर्जाची वसुली बिलातूनच होते आणि पासबुकात उरलेली रक्कम दिसते. समजा एका एकरात 45 टन ऊस निघाला आणि टनाला 3,000 मिळाले. बिल झालं 1,35,000. सोसायटीने 50,000 कापले, खात्यात आले 85,000. लागण, खत, औषध, पाणीपट्टी, मजुरी मिळून खर्च 60,000. लोक 85,000 मधून 60,000 वजा करतात आणि 25,000 लिहितात. साफ चूक. खत त्याच कर्जातून आलेलं, ते खर्चात एकदा धरलं. आता मुद्दलही वजा केलं की तोच खर्च दोनदा निघाला. बरोबर आकडा 75,000. कर्जावर व्याज भरलं असेल तर तेवढं खर्चात घाला, मुद्दल नाही.

मग आडसालीचं काय? जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला ऊस पुढच्या वर्षीच्या हंगामात तुटतो. एका आर्थिक वर्षात नुसता खर्च, पुढच्या वर्षात बिल. मी बिल खात्यावर जमा झाल्याची तारीख बघतो, त्या वर्षाचं उत्पन्न धरतो आणि त्या पिकाचा सगळा खर्च त्याच्यासमोर मांडतो. मार्चअखेर गेलेल्या उसाची उचल एप्रिल उजाडल्यावर पडली असेल तर ती पुढच्या वर्षात. पद्धत कुठलीही धरा, पण सोयीप्रमाणे यंदा एक आणि पुढच्या वर्षी दुसरी असं करू नका. हळद, बेदाणा सौद्यात उशिरा निघाला तरी हाच नियम. डेअरीची दुधाची बिलंही मिळवा, आणि पशुखाद्याचे पैसे त्यातून परस्पर कापले असतील तर ते खर्चात दुसऱ्यांदा घेऊ नका.

जमीन सामाईक खात्यात असेल तर तुमच्या हिश्श्यापुरतंच धरा. जमीन वडिलांच्या नावावर आणि बिलही त्यांच्याच खात्यावर येत असेल तर आवास योजनेच्या अर्जात ते तुमचं उत्पन्न नाही. मात्र सेतू केंद्रात, म्हणजे सरकारी दाखल्यांचे अर्ज घेतात तिथे, उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरणारा मुलगा रेशनकार्ड बघून सगळ्या घराची नावं भराभर टाकून मोकळा होतो. त्याच्या शेजारी उभं राहा. दाखला कशासाठी हवाय ते सांगा, सदस्यांची यादी स्वतः वाचा आणि मगच स्वयंघोषणापत्रावर सही करा. दाखला देण्यासाठी कार्यालयाला पंधरा दिवसांची मुदत असते, म्हणून अर्ज आधीच करा. जाहिरातीची शेवटची तारीख उद्यावर आल्यावर तलाठ्याच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही. अर्जासाठी रेशनकार्ड घाईघाईने विभक्त करायचा उद्योगही नको.

बेरीज मर्यादेच्या पाच-दहा हजार वर गेली तर शिलाईचे पैसे गाळायचा मोह होईल. गाळू नका. म्हाडात अत्यल्प गटातल्या माणसाला वरच्या गटातल्या घरासाठी अर्ज करता येतो, वरच्या गटातल्याला खाली येता येत नाही. सोडतीत नाव लागून नंतर छाननीत घर गेलं तर त्यावर रडायलाही तोंड राहत नाही. हिशोबाचा कागद, पगारपत्रकं आणि कारखान्याची बिलं एकाच फाईलला लावून ठेवा. अर्जातला आकडा कुठून आला हे विचारलं तर तीच पुढे करायची.