जुन्या डॉजला ट्रेलर जोडण्याआधी

ट्रक 1992 चा डॉज, कमिन्स डिझेल, हातानं टाकायचे पाच गिअर. ओढेल का, हे विचारूच नका. अश्वशक्ती जेमतेम 160, पण टॉर्क 400 पौंड-फूट, याच 5.9 लिटर जातीचं इंजिन आपल्याकडे टाटाच्या ट्रकांत आलं. थांबेल का, ते विचारा. मी विचारलं नव्हतं.

तेल, कूलंट, हवा बघालच. ट्रेलरच्या टायरची नुसती नक्षी बघू नका, तारीख वाचा: टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे, 3215 म्हणजे 2015 चा बत्तिसावा आठवडा. ट्रक, हिच (ट्रेलर अडकवायचा मागचा जोड), बॉल (जोडावरचा गोळा) यांत ज्याची वजनाची मर्यादा सगळ्यात कमी, तीच तुमची. सामान असं भरा की एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार बॉलवर येईल. 6000 पौंडांना 600 ते 900. जड सामान मागे गेलं की ट्रेलर शेपटासारखा हलतो.

आता ट्रेलरचे ब्रेक. ट्रकमधून ट्रेलरला वीज नेणारा सातपिनी प्लग खोचला, दिवे लागले, मी निघालो. अहो, दिव्यांची तार वेगळी, ब्रेकची वेगळी! ब्रेकच्या, म्हणजे निळ्या तारेच्या पिनेवर हिरवा गंज चढलेला. कोलोरॅडोत 11,158 फुटांवरच्या आयझेनहॉवर बोगद्यातून बाहेर पडलो आणि सिल्वरथॉर्नकडचा 7 टक्के उतार सुरू झाला. चढलात त्याच गिअरात उतरा, हा घाटातला नियम इथे अर्धाच कामाला येतो. जुन्या डिझेलला थ्रॉटलची झडप नाही. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिन मंद करणारा) बसवला नसेल तर इंजिन फारसं धरून ठेवत नाही. सगळं वजन ट्रकच्या ब्रेकवर. पेडल मऊ होत गेलं, केबिनमध्ये जळका वास, आणि बाजूला ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठीचा रॅम्प दिसत होता. तिथे शिरावं लागलं नाही, एवढंच.

म्हणून सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी 20 मैलांवर ब्रेकवरून पाय काढा आणि केबिनमधल्या कंट्रोलरची, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकना वीज पाठवणाऱ्या पेटीची, लिव्हर हातानं दाबा. ट्रेलरनं मागून ओढल्यासारखं जाणवलं पाहिजे. नाही जाणवलं? निघू नका. दिवे लागतात हे कारण सांगू नका. कंट्रोलरवर आकडा दिसतो, हेही नको. लिव्हर दाबा.

ट्रक-ट्रेलर जोडणाऱ्या सुरक्षा साखळ्या खालून फुलीत. ब्रेकअवेची (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणाऱ्या यंत्रणेची) बॅटरी चार्ज. आरसे. तीसेक मैलांवर थांबून ट्रेलरच्या चाकांच्या हबांजवळ हात धरा, एखादा जास्त तापलाय का बघा. परतताना पुन्हा हेच. लिव्हरसकट.