शिक्षा राज्याची, दाद फेडरल कोर्टात: अमेरिकेतली हेबियस पिटिशन

भारतात हेबियस कॉर्पस म्हटलं की बेकायदा अटक आठवते. अमेरिकेत राज्याच्या कोर्टाने दोषी ठरवलेला कैदीही अपिलं संपल्यावर फेडरल, म्हणजे केंद्राच्या, डिस्ट्रिक्ट कोर्टात ही पिटिशन करू शकतो, फेडरल कायद्याच्या कलम 2254 खाली.

आधी मुदत मोजा. 1996च्या कायद्याने एक वर्षच दिलंय आणि भक्कम मुद्दासुद्धा मुदत हुकली की ऐकलाच जात नाही. राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने अपील फेटाळलं आणि अमेरिकी सुप्रीम कोर्टात कोणी गेलं नाही, तर निकालानंतर 90 दिवसांनी वर्ष सुरू होतं. समजा, त्यातले 300 दिवस गेल्यावर राज्यातच शिक्षेविरुद्ध पुनर्विलोकनाचा अर्ज नियमाप्रमाणे केला. तो चालू असेपर्यंत मुदत थांबते, पण शेवटच्या पायरीवर फेटाळला की हातात उरतात 65 दिवस. या खेपेला वरचे 90 दिवस मिळत नाहीत.

प्रत्येक मुद्दा राज्याच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत फेडरल घटनेचं नाव घेऊन मांडलेला हवा. ‘खटला नीट चालला नाही’ एवढं चालत नाही. ‘सहाव्या घटनादुरुस्तीनुसार सक्षम वकील मिळाला नाही’ असं स्पष्ट लिहा. एखादा मुद्दा तिथे मांडायचा राहिला असेल, तर तो गाळा किंवा उशिराचं सबळ कारण देऊन स्थगिती मागा. तसं न करता पिटिशन नुसती परत आली, तर तोवर वर्ष उलटलेलं असू शकतं, कारण फेडरल पिटिशनमुळे मुदत थांबत नाही.

राज्याचा निकाल चुकला, एवढ्याने सुटका नाही. तो सुप्रीम कोर्टाच्या प्रस्थापित निकालांविरुद्ध आहे किंवा ते त्याने अवाजवी रीतीने लावले, हे दाखवावं लागतं, तेही राज्याच्या कोर्टापुढे असलेल्या कागदांवरूनच. ही अट फार कडक आहे, म्हणून मोजके दमदार मुद्देच ठेवा. झडती बेकायदा होती हा मुद्दा राज्यात मांडायची पुरेशी संधी मिळाली असेल, तर इथे सहसा घेत नाहीत.

फी 5 डॉलर. ऐपत नसेल तर तुरुंगातल्या खात्याचा दाखला जोडून माफी मागा. प्रतिवादी म्हणून वॉर्डनचं, म्हणजे तुरुंगप्रमुखाचं, नाव घाला. पाकीट तुरुंगाच्या टपालात दिलं तीच दाखल तारीख धरतात, म्हणून तारीख आणि भरलेलं टपालशुल्क शपथेवर नोंदवा.

पिटिशन फेटाळली तर 30 दिवसांत अपिलाची नोटीस द्या. अपिलासाठी परवानगीचं प्रमाणपत्रही लागतं. दुसरी पिटिशन करायची तर आधी अपील कोर्टाची परवानगी हवी आणि ती क्वचितच मिळते, त्यामुळे सगळे दमदार मुद्दे पहिल्याच पिटिशनमध्ये घाला.