छत्रीच्या केबलला क्रिंप कनेक्टर कसा बसवावा

टीव्हीवर ‘नो सिग्नल’ आलं की छत्री हलवण्याआधी केबलची दोन्ही टोकं पाहावीत. पिळून बसवलेला कनेक्टर ओढताच हातात येत असेल, तर ते टोक कापून टाका आणि क्रिंपचा, म्हणजे पकडीने दाबून बसवायचा, कनेक्टर बसवा.

डीटीएचला आरजी-६ केबल असते. ७५ ओहमची, साधारण ७ मिमी जाड. एफ-कनेक्टर (या केबलच्या टोकाचा नटवाला कनेक्टर) आरजी-६ चाच घ्या, बारीक आरजी-५९ चा चालत नाही. पक्कड षटकोनी खाचेची, ८.२ मिमीची हवी. साध्या पकडीने कनेक्टर नुसता चपटा होतो आणि बाजूंना फट राहते.

आधी सेट टॉप बॉक्सचा प्लग काढा. याच केबलमधून एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, १३ किंवा १८ व्होल्ट जातात.

रबरी टोपी असेल तर ती आत्ताच केबलवर ओवा, नंतर जात नाही. टोकापासून १३ मिमीवर बाहेरची साल हलक्या हाताने गोल कापून काढा. जाळीच्या तारा सालीवर मागे दुमडा. आता टोकाकडचं ७ मिमी पांढरं आवरण फॉइलसकट काढा. उरलेल्या ६ मिमीवरची फॉइल तशीच चिकटलेली राहू द्या.

खरी चूक इथेच होते. मधली तार बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते आणि सिग्नल त्या मुलाम्यातूनच वाहतो. पातं लागलं की मुलामा जातो, तार गंजते, तिथेच तुटते. तारेवर पांढरा पापुद्रा राहिला तर तो नखाने काढा. जाळीचा एखादा केसही मधल्या तारेला टेकला तर शॉर्ट होतो.

कनेक्टर सरळ दाबत आत सरकवा. त्याची आतली नळी फॉइल आणि जाळी यांच्यामध्ये शिरते. समोरून पाहताना पांढरं आवरण आतल्या तळाशी सपाट दिसेपर्यंत थांबू नका. मग पक्कड पूर्ण दाबा. मधली तार नटाच्या कडेबाहेर २ मिमी ठेवून जास्तीची कापा. तीच इथे पिन असते. आखूड राहिली तर टेकत नाही.

केबलची दोन्ही टोकं मोकळी ठेवून मल्टिमीटर बीपच्या (कंटिन्युइटी) खुणेवर लावा. मधली तार आणि कनेक्टर यांच्यात बीप वाजला, तर टोक कापून पुन्हा करा. नाही वाजला तर नट हाताने घट्ट करून ११ च्या पान्ह्याने थोडासाच आवळा.

क्रिंप जलरोधक नसतो. छत्रीकडे केबलला खाली झुकता वळसा द्या आणि सांध्यावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून, खालून वर गुंडाळा, म्हणजे पदर कौलांसारखे एकावर एक बसतात.