पिकर्सगिलचा बेडूक शोधताय? या चुका टाळा

बेडूक म्हटलं की आपल्या डोक्यात जून महिनाच येतो. दक्षिण आफ्रिकेत, डर्बनच्या आसपास पिकर्सगिलचा रीड फ्रॉग, म्हणजे लव्हाळ्यात राहणारा इवलासा बेडूक, बघायला जाणारा मराठी माणूस पहिला फसतो तो इथेच. तिकडे जून-जुलै म्हणजे कोरडा हिवाळा. या बेडकाचा विणीचा हंगाम साधारण ऑगस्ट ते मार्च, तेव्हा तिकीट त्या हिशेबाने काढा.

हा जगात फक्त क्वाझुलू-नाताळ या डर्बनच्याच प्रांताच्या किनारपट्टीत सापडतो. शास्त्राच्या दप्तरी नाव लागलं ते १९८२ साली. मोठी मादीसुद्धा तीन सेंटिमीटरच्या आतच. फोटोंमध्ये दिसते ती पोपटी मादी, म्हणून सगळे हिरवा ठिपका शोधत बसतात. पण ओरडतो तो नर, आणि तो तपकिरी, अंगाच्या दोन्ही बाजूंना एकेक रुपेरी पट्टी. वाळक्या पानावर बसला की संपलं!

उघड्या तळ्याच्या काठावर वेळ घालवू नका. त्याला लागतं बारमाही पाणी आणि त्यात दाटीने उभं पाणकणीस, नळाचं गवत, लव्हाळा.

खरी चूक कानाची. त्याच दलदलीत दुसऱ्या जातीचे रंगीत रीड फ्रॉग असतात आणि ते शिट्ट्यांनी कान किटवतात. याचा आवाज बारीक, रातकिड्यासारखा, तोही अधूनमधून. आपण रातकिडा समजून सोडून देतो. टॉर्च विझवा, वीसेक मिनिटं गप्प उभे राहा. शिट्ट्या मध्येच थांबतात, त्या फटीत ऐका. फोनवर त्याचा आवाज वाजवून बोलवायच्या फंदात मात्र पडू नका, उगाच नराला छळणं ते.

एक चूक माझ्याच हातून झालेली. कॅमेऱ्याच्या आड येतं म्हणून पाणकणसाचं एक पान मी गुडघ्याने दाबलं. सोडलं तेव्हा त्याला चिकटलेला साबुदाण्याच्या खिरीसारखा गोळा पाण्यात अर्धा बुडालेला. अंडी होती. ती पाण्याच्या वर, पानांना चिकटवलेली असतात. फुटली की पिल्लं खाली पाण्यात पडतात. तेव्हापासून पान आड आलं तर मीच सरकतो, नाहीतर फोटो सोडून देतो.

गमबूट एका पाणथळीतून थेट दुसरीत नेऊ नका. चिखलाबरोबर कायट्रिड बुरशी जाते, बेडकांची कातडी धरते. धुवा, जंतुनाशक लावा, कडक वाळवा.

सापडला तर आनंदाच्या भरात लोकेशन टाकू नका. उसाच्या शेतीसाठी चर खणून आणि वस्त्यांसाठी भराव टाकून या पाणथळींचे आधीच तुकडे झालेत. २०१६ मध्ये तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून एक पायरी खाली ‘संकटग्रस्त’मध्ये आला खरा, पण एकेक तुकडा इतका लहान, की पन्नास माणसं लव्हाळा तुडवत फिरली तर एका रात्रीत तिथे फक्त चिखल उरेल.